मोबाइलला वाय-फाय मिळतं, कॉम्प्युटरला नाही: बिघाड कुठं आहे ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या डेस्कटॉपवर वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण वेबसाइट उघडत नाहीत किंवा रखडत उघडतात. दुपारी त्यातल्या त्यात बरं चालतं, संध्याकाळी मात्र कनेक्शन सारखं तुटतं. त्याच टेबलावरचा मोबाइल त्याच वाय-फायवर सुरळीत चालतो. राउटर बंद-चालू करून झाला, पासवर्ड पुन्हा टाकून झाला, ड्रायव्हर (विंडोजला वाय-फायचा भाग चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्राम) काढून परत घातला. आता विंडोज नव्यानं टाकू का, असं विचारलं आहे.

टाकू नका. केलेले तिन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत, पण बिघाड कुठं आहे हे कळण्याआधीच केलेले आहेत. कॉम्प्युटरवरून वेबसाइट उघडताना वाटेत तीन टप्पे लागतात. कॉम्प्युटर ते राउटर हा हवेतला टप्पा. राउटर ते बाहेरचं जग हा इंटरनेट कंपनीच्या लायनीचा टप्पा. आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा हा तिसरा. तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी आपल्याला दिसतं एकच, 'नेट चालत नाही'. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि हवेतल्या टप्प्यात दोष असेल तर विंडोज दहा वेळा टाकूनही तो तसाच राहतो.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. 'मोबाइल चालतो' या एका वाक्यावर सगळं निदान उभं आहे, आणि आजचे बरेच फोन वाय-फाय रखडलं की न सांगता मोबाइल डेटावर जातात. तेव्हा फोनचा मोबाइल डेटा बंद करा, कॉम्प्युटरच्या शेजारीच बसा आणि संध्याकाळी, जेव्हा त्रास होतो त्याच वेळी, फोनवर काहीतरी चालवून पाहा. तेव्हाही फोन नीट चालला तर राउटर आणि बाहेरची लाइन यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. फोनही रखडला तर दोष कॉम्प्युटरचा नाही आणि पुढचा निम्मा शोध वाचला.

आता खरी चाचणी. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजला टाइप करून आज्ञा देण्याची खिडकी, उघडा आणि आयपीकॉन्फिग (आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी) ही आज्ञा इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. जी यादी येईल तिच्यात वाय-फायच्या मथळ्याखाली दोन ओळी पाहायच्या: आयपीव्ही४ पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे. गेटवे म्हणजे तुमचा राउटर. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तिथंच थांबा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजनं स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी कुणीतरी पूर्वी कॉम्प्युटरला हातानं कायमचा पत्ता देऊन ठेवला आहे का, राउटरची पत्ते वाटण्याची यादी भरली आहे का, की सिग्नलच इतका कमकुवत आहे की पत्ता मागण्याची देवाणघेवाणही पुरी होत नाही, हे बघावं लागतं.

पत्ता ठीक असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. पिंग (पी, आय, एन, जी) म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा. एकीत पिंग लिहून राउटरचा पत्ता टाका, दुसरीत पिंग लिहून ८.८.८.८ टाका. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे, २००९ पासून चालू आहे आणि पिंगला उत्तर देतो. दोन्ही आज्ञांच्या शेवटी एक जागा सोडून वजा चिन्ह आणि टी हे अक्षर लावा, म्हणजे थांबवेपर्यंत पिंग चालू राहील. थांबवायला कंट्रोल आणि सी. दोन्ही खिडक्या दिसतील अशा ठेवून तुमचं रोजचं काम करत राहा. त्रास सुरू झाला की नजर टाका: आधी कोणती खिडकी अडखळली?

वाचायचं कसं ते सांगतो. राउटरकडून उत्तर यायला त्याच खोलीत साधारण एक ते पाच मिलिसेकंद लागतात, एखादी भिंत मध्ये असली तर थोडं जास्त. मधूनच एखादा आकडा तीस-चाळीसवर गेला तर काळजी नको, वाय-फाय असंच असतं. पण ३, ४, ३, २८०, ९१०, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', मग पुन्हा ४, अशी रांग दिसू लागली तर हवेतला टप्पाच तुटतो आहे. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि ते उत्तर तुमच्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून आलं असेल, तर कॉम्प्युटरला राउटर सापडतच नाही. 'जनरल फेल्युअर' आलं तर माहिती कॉम्प्युटरच्या बाहेरच पडलेली नाही, आणि तिथं मी आधी अर्धवट काढलेल्या व्हीपीएनचे (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्या प्रोग्रामचे) किंवा अँटिव्हायरसचे अवशेष शोधतो.

राउटरची खिडकी शांत आणि ८.८.८.८ ची अडखळते, अशी स्थिती असेल तर कंपनीला फोन करा आणि हेच दोन निकाल सांगा. 'नेट स्लो आहे' या तक्रारीपेक्षा 'राउटरपर्यंत तीन मिलिसेकंद, बाहेर टाइम आउट' ही तक्रार कुणाला झटकून टाकता येत नाही. त्याआधी एवढं बघा की घरातलं एखादं उपकरण त्या वेळी फोटो किंवा व्हिडिओ क्लाउडवर चढवत तर नाही ना. अपलोडची क्षमता भरली की सगळ्या घराचा पिंग शेकड्यांत जातो आणि डाउनलोडही रखडतं.

दोन्ही खिडक्या शांत, पण ब्राउझरमध्ये काही उघडत नाही, असंही होतं. मग डीएनएस बघा. कॉम्प्युटरच्या वाय-फायच्या गुणधर्मांत डीएनएस हातानं ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ घालून पाहिला की उलगडा होतो. त्याच फेरीत सेटिंग्जमधली प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेण्याची सोय) बंद आहे ना ते बघा, आणि घड्याळ बघाच. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, नाण्याएवढी सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागं जाते, आणि मग वेबसाइटांची सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची ठरून पानं उघडत नाहीत. पिंग मात्र बिनतक्रार चालतं. आणखी एक, टास्कबारवर 'नो इंटरनेट' दिसतं म्हणून घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटी मजकूर फाइल मिळते का, एवढंच विंडोज तपासतं. जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसनं किंवा व्हीपीएननं ती अडवली तर नेट चालू असूनही ती पाटी दिसते.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की राउटरची खिडकीच अडखळेल. फोन चालतो, डेस्कटॉप नाही, आणि संध्याकाळी जास्त, ही तीनही लक्षणं हवेतल्या टप्प्याकडे बोट दाखवतात. म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांत आधी कॉम्प्युटरच्या मागं जाऊन बघा. ज्या मदरबोर्डात वाय-फाय आतच असतं, त्याच्या मागच्या पट्टीवर आटे असलेले दोन सोनेरी खुंट असतात. त्यांवर अँटेना पिळून बसवायच्या असतात. त्या मदरबोर्डच्या खोक्यात वेगळ्या पिशवीत येतात आणि पुष्कळदा तिथंच राहून जातात. अँटेनाशिवायही जवळच्या राउटरचं नाव यादीत दिसतं, पासवर्ड स्वीकारला जातो, एखादी-दुसरी रेघही दिसते. त्यामुळे इकडं कुणाचं लक्ष जात नाही. हवेत गर्दी नसेल तेव्हा ते रडतखडत चालतंही, आणि संध्याकाळी आजूबाजूची उपकरणं सुरू झाली की कोलमडतं. एक खूण सांगतो: बहुतेक वाय-फाय कार्डांत ब्लूटूथही त्याच अँटेना वापरतं. ब्लूटूथ माउस किंवा हेडफोनही अडखळत असेल तर आधी अँटेना तपासा. असतील तर हातानं घट्ट पिळा, पक्कड लावू नका, आणि दोन्ही एकाच दिशेला न ठेवता एक उभी आणि एक तिरकी ठेवून बघा.

कॅबिनेट टेबलाखाली आणि पाठ भिंतीला, ही डेस्कटॉपची नेहमीची जागा वाय-फायसाठी सगळ्यांत वाईट. पत्र्याचा डबा अँटेना आणि राउटर यांच्या मध्ये येतो. टेबलावरच्या फोनला मिळणारा सिग्नल आणि टेबलाखाली, पत्र्यामागं मिळणारा सिग्नल यांत चांगलाच फरक पडतो. वायर असलेला, टेबलावर ठेवायचा अँटेना मिळतो. तो वर आणला की कित्येकदा प्रश्नच मिटतो.

यूएसबीला लावायचं छोटं वाय-फाय डोंगल असेल तर आणखी एक शत्रू आहे. घरचं वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांत चालतं. यूएसबी ३.० ची उपकरणं आणि वायरी काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलनं २०१२ मध्ये यावर तपशीलवार टिपण काढलं होतं. डोंगलच्या शेजारच्या खाचेत बाहेरची हार्ड डिस्क असेल तर पिंगची खिडकी चालू ठेवून ती डिस्क काढा आणि दहा मिनिटं आकडे बघा. ते स्थिर झाले तर गुन्हेगार सापडला. यूएसबीची मीटरभर एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल डिस्कपासून दूर, वर आणायचं, किंवा डोंगल दोन्ही पट्ट्यांचं असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जायचं. या कारणापायी लोक ड्रायव्हर बदलत बसतात, नवं डोंगल आणतात आणि तेही त्याच खाचेत लावतात.

आता संध्याकाळचा भाग. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस हे चार इंग्रजी शब्द मध्ये एकेक जागा सोडून टाइप करा. पहिला शब्द एन, ई, टी, एस, एच असा, दुसरा डब्ल्यू, एल, ए, एन असा. जे येईल त्यात सिग्नलची टक्केवारी, चॅनल (पट्ट्यातला जो भाग राउटर वापरतो त्याचा क्रमांक) आणि रिसीव्ह रेट टिपून ठेवा. टक्केवारी पन्नासच्या खाली असेल तर अँटेना आणि जागा यांचाच विचार आधी करा. टक्केवारी ऐंशीच्या वर असूनही तुटत असेल तर सिग्नल पुरेसा आहे आणि गोंगाट जास्त आहे. चार रेघा भरलेल्या दिसतात म्हणून वाय-फाय चांगलं आहे असं धरून चालू नका. रेघांवरून राउटरचा आवाज किती मोठा आहे तेवढं कळतं, आजूबाजूचा गलका कळत नाही.

चॅनल १ ते १३ यांपैकी असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात. इथं चॅनल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण वाय-फायला जागा साधारण २० मेगाहर्ट्झची लागते. त्यामुळे एकमेकांत न घुसणारे चॅनल व्यवहारात तीनच: १, ६ आणि ११. बरेच लोक शेजाऱ्यांचं ६ वर चालू आहे हे बघून स्वतःचं ४ वर नेतात. ते ६ पेक्षाही वाईट. एकाच चॅनलवरची उपकरणं एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीनं बोलतात. अर्ध्या घुसलेल्या चॅनलवर ती एकमेकांची भाषा समजू शकत नाहीत, नुसता गोंगाट ऐकतात आणि एकमेकांची माहिती बिघडवत राहतात. म्हणून १, ६, ११ यांतलाच त्यातल्या त्यात मोकळा चॅनल निवडा, आणि तो संध्याकाळी तपासून निवडा. सकाळी केलेली निवड संध्याकाळी टिकत नाही. राउटरमध्ये २.४ ची रुंदी ४० वर असेल तर २० करा. कागदावरचा वेग कमी होईल, प्रत्यक्षातला बहुधा वाढेल. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तेव्हा रोज ठरावीक वेळी दोन-चार मिनिटं तुटत असेल तर स्वयंपाकघराशी वेळ जुळवून बघा.

माझं स्पष्ट मत: कार्ड ५ गिगाहर्ट्झ घेत असेल तर २.४ वर डागडुजी करत बसू नये. तुमचा फोन सुरळीत चालतो याचं कारण बहुधा हेच आहे की तो ५ वर आहे आणि डेस्कटॉप २.४ वर. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असलं की कोण कुठं गेलं ते कळत नाही. राउटरमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या आणि कॉम्प्युटरला ५ चंच नाव जोडा. त्याचा पल्ला कमी असतो, भिंतींनी तो जास्त अडतो, पण गर्दी फार कमी. एक सावधगिरी. चॅनल ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारही चालतात, म्हणून रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो आणि नव्या चॅनलवर बोलण्याआधी साधारण मिनिटभर ऐकत थांबावं लागतं. विमानतळाजवळ अधूनमधून असं मिनिटभराचं तुटणं दिसलं तर चॅनल ३६ ते ४८ यांत न्या. काही जुन्या कार्डांना ते वरचे चॅनल दिसतही नाहीत, आणि मग 'फोनला ५ चं नाव दिसतं, कॉम्प्युटरला दिसत नाही' असं कोडं पडतं.

इथवर सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्युटरच्या आत शिरायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या गुणधर्मांत पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. काही मशिनांत हा टॅब नसतो, त्यांनी पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अडॅप्टर कमाल कार्यक्षमतेवर ठेवायचा. कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावरच नेट जात असेल तर हेच पहिलं बघावं.

ड्रायव्हरबद्दल: 'सर्वांत योग्य ड्रायव्हर आधीच आहे' या विंडोजच्या उत्तरावर विसंबू नका. लॅपटॉप असेल तर त्याच्या कंपनीच्या आणि सुटे भाग घेऊन जुळवलेला डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून, नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर नवा शोधण्याऐवजी 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरा. नेट नसताना ड्रायव्हर उतरवायचा कसा, तर फोन यूएसबी वायरीनं जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देण्याची सोय) चालू करा. या टेदरिंगचा दुसराही उपयोग आहे: त्यावर सगळं नीट चाललं तर विंडोज, ब्राउझर आणि बाकी सगळं ठीक आहे आणि दोष फक्त कार्डाच्या किंवा त्याच्या ड्रायव्हरच्या बाजूचा आहे, हे दोन मिनिटांत सिद्ध होतं. विंडोज नव्यानं टाकायचा विचार ज्याच्या मनात आला असेल त्यानं हे आधी करावं.

मधूनच कार्डच गायब होत असेल, यादीत वाय-फायचा पर्यायच दिसत नसेल, तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' म्हणजे पुरतं बंद होणं नसतं. सिस्टिमची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्यानं सुरू करतं. म्हणून शिफ्टची कळ दाबून शट डाउन करा, मागचं वीजेचं बटन बंद करून वायर काढा, पॉवर बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि मग पुन्हा सुरू करा. उरलेली वीज निघून गेली की अडकलेलं कार्ड बहुतेक वेळा परत दिसतं.

पासवर्ड बरोबर असूनही कार्ड जोडणीच नाकारत असेल तर राउटरची सुरक्षा बघा. नुसतं डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवलं तर जुनी कार्डं आत येऊ शकत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ असं मिश्र ठेवा, किंवा डब्ल्यूपीए२ एईएस या माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धतीसह. टीकेआयपी कुठं दिसलं तर काढाच. ते जुनं आणि असुरक्षित आहे, शिवाय वेग ५४ मेगाबिटच्या वर जाऊ देत नाही.

सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रीसेट' मी शेवटी ठेवतो. त्यानं सगळे नेटवर्क अडॅप्टर काढून परत घातले जातात आणि सेटिंग्ज मूळपदावर येतात. व्हीपीएन आणि हातानं घातलेले पत्ते पुन्हा घालावे लागतात. ते करण्याआधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये वरच्याच आज्ञेत 'इंटरफेसेस'ऐवजी 'डब्ल्यूलॅनरिपोर्ट' हा शब्द टाका. गेल्या तीन दिवसांत कनेक्शन कधी जोडलं गेलं, कधी तुटलं आणि विंडोजच्या मते का तुटलं, याचा आलेखासह अहवाल एका पानावर तयार होतो. तुटण्याच्या वेळा घरातल्या घडामोडींशी ताडून बघा. पुन्हा विचारायची वेळ आली तर हा अहवाल, दोन्ही पिंगचे आकडे, कार्डाचं नाव आणि चॅनल एवढं द्या.

आणि कार्डच गेलं आहे असं निघालं तर नवं घेताना एवढं बघा. आतल्या एम.२ खाचेत बसणारी इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसर-चिपसेटबरोबर चालतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही त्यांच्यासारखीच दिसतात, पण ती पीसीआय एक्स्प्रेस या सर्वसाधारण जोडणीवर चालतात आणि एएमडीच्या मशिनातही बसतात. डेस्कटॉप जागचा हलणार नसेल आणि वायर नेता येत असेल, तर कार्ड घेण्याऐवजी राउटरपासून साधी कॅट ६ केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिट वेग देते, आणि शेजाऱ्यांचे चॅनल, मायक्रोवेव्ह किंवा हार्ड डिस्क यांचा तिच्यावर काही परिणाम होत नाही.